आडवी बाटली आन माझा भोंगा

आमच्या खालापूर तालुक्यात दारूबंदीसाठी माझ्याएवढा घसा कोणी फोडला नसंल. सकाळी मी तो बायकांच्या बाजूनं फोडायचो आन दुपारी दुकानवाल्याच्या.

माझा धंदा टेंपोचा. शाळेत मी गेलो नाय असं कोणी बोलू नका, दर मतदानाला जातो. वाचता येत नाय, पण बोलता येतं, आन आमच्याकडं वाचणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याला जास्त बोलावणं असतं. टपावर भोंगा बांधला, एका हातात स्टेरिंग, दुसऱ्या हातात माईक, का मी सुटलो. कोणाची म्हैस हरवली, कोणाकडं पूजा हाय, लाईट कधी जाणार, सगळं गाव माझ्या तोंडून ऐकतं. हसवून सांगतो म्हणून ऐकतं. मी आधी स्वतःवर हसतो, मंग लोक माझ्यावर हसतात, आन त्या हसण्यात माझ्याकडं नीट कोणी बघत नाय. ह्यात फायदा मोठा असतो. हे पण मी बोललोय आन दुसऱ्यानं उतरवून घेतलंय. चुका असतील त्या त्याच्या.

आमच्या गावाचा फाटा कर्जत-खोपोली रस्त्यावर हाय. फाट्यावर एक पिंपळ, एक वडापावची गाडी, एसटीची पत्र्याची शेड, आन शेडला पाठ लावून देशी दारूचं दुकान. सरकारमान्य. दुकानात बसायला जागा नाय, म्हणून गिऱ्हाईक शेडमध्ये बसतं. बाकड्यावर ग्लास आन बाकड्याखाली एखादा पाय पसरून पडलेला. बायका-पोरी एसटीची वाट बघत उभ्या राहतात रस्त्याच्या कडेला, डंपरची धूळ खात. शेड बांधली प्रवाशांसाठी, आन प्रवासी सोडून सगळे तिच्यात. मी पण. मी पीत होतो, खोटं कशाला बोलू. फार नाय. शेडमधला माणूस कधीच फार पीत नसतो, कोणालाही विचारा.

माझी थोरली पोरगी बारावीला होती, कर्जतला. एक दिवस ती फाट्यावर उभी असताना शेडमधल्या एकानं तिची ओढणी धरली आन बोलला, "आत ये की गं, बस. तुझ्या बापाचीच जागा हाय ही." खरं बोलला तो. जागा माझीच होती, त्या दिवशी फक्त मी नव्हतो. पोरगी घरी आली, दप्तर ठेवलं, आईला सांगितलं. आईनं मला सांगितलं. मंग मी काय केलं? जाऊन त्या माणसाची कॉलर धरली? तो माझ्या रोजच्या बैठकीतला. मी पोरीचं कॉलेज बंद केलं. वर चारचौघांत बोललो, "स्टॉपवर उभी करण्यापेक्षा बोहल्यावर उभी करतो." सगळे हसले. मी पण हसलो. बायको चुलीपाशी बसली होती, ती हसली नाय. पोरीला अठरा पूर्ण झाली आन आमी तिला दहिवलीच्या पलीकडल्या गावात देऊन मोकळे झालो.

पुढं धाकटी दहावीत गेली. हुशार निघाली, कोणावर गेली ते देवाला माहीत. एक दिवस बायकोनं विचारलं, "हिचं पुढं काय?"

मी बोललो, "फाट्यावर दुकान हाय तवर माझी पोरगी तिथं उभी राहणार नाय." मला वाटलं, बापासारखं बोललो.

बायको भाकरी थापत होती. थापता थापता बोलली, "मंग दुकान राहणार नाय."

मी हसलो. मला वाटलं, पहिल्यांदा विनोद केला बाईनं.

बायको बचत गटाची अध्यक्ष. शिक्षण चौथी, म्हंजे आमच्या घरातली त्या वेळची सगळ्यात शिकलेली मोठी माणूस. ती गटातल्या बायका घेऊन खालापूरला तहसीलला गेली. तिथून कळलं की गावातल्या बायकांनी सह्या करून अर्ज दिला तर दुकानाचं मतदान लागतं. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आन एक आडवी. उभी म्हंजे दुकान चालू, आडवी म्हंजे दुकान बंद.

शेडमध्ये हे कळलं तेव्हा एक जण बोलला, "बायकांचं मतदान? मंग त्या दिवशी आमी घरी बसून भाकऱ्या थापायच्या का?"

मी बोललो, "थापा. बाईच्या बोटाला शाई लागली का पिठात हात घालता येत नाय." खूप हसले. माझ्या विनोदावर त्या दिवशी मला कोणीतरी पाजली पण.

बायका मात्र घरोघर फिरल्या. वरच्या वाडीवर गेल्या, जिथं ठाकरांची घरं हायत. तिथली एक म्हातारी करवंदं, करटोली, मोहाची फुलं असं काय काय घेऊन फाट्यावर विकायला बसते. सगळे तिला आजीच बोलतात. तिनं अंगठा दिला आन बायकांना सुनावलं, "तुमी आज जाग्या झाल्या गं? आमी तरण्या होतो तवा ओढ्यातली हातभट्टी फोडली होती, साऱ्या बायका मिळून. मडकी फोडली, गूळ पाण्यात सोडला. पोलीस आमाला शाबास बोलून गेला. आता तीच दारू बाटलीत गेली, तिला लायसन हाय. आता फोडली तर तोच पोलीस आमाला नेईल."

"म्हणून तर शिक्का मारायचा, आजी," बायको बोलली.

"मारू की. हात तेच हायत."

मंग अंगणवाडीत शिकवणी सुरू झाली, शिक्का कुठं मारायचा ह्याची. त्यासाठी रिकाम्या बाटल्या लागल्या. आमच्या घरात तो प्रश्न कधी पडला नाय. बायकोनं एक उभी ठेवली, एक आडवी, आन बोलली, "ही आडवी आपली. ही म्हंजे बंद."

आजीनं मान हलवली. "हे उलटं हाय बाय. आमच्यात बाटली आडवी झाली म्हंजे दादला पिऊन पडलाय. उभी म्हंजे बूच लावलेली, अजून कोणी हात नाय लावला."

सगळ्या बायका हसल्या. मंग एकदम कोणीच हसंना. प्रत्येकीच्या घरातली एकेक बाटली तिथं आडवी झाली असणार. मी दारात उभा राहून बघत होतो. माझ्याकडं कोणी बघितलं नाय, ते बघितल्यापेक्षा वाईट होतं. म्हातारी मंग चित्र ओळखायला शिकली. नेम धरून आडवीवर अंगठा आपटायची, जसं काय ढेकूण मारतेय.

भोंगा अर्थात माझा. बायकोनं सांगितलं, रोज सकाळी गावात आन वाड्यांवर फिरवा. मी फिरवला. "माता-भगिनींनो, आडव्या बाटलीवर शिक्का मारा, संसार उभा करा!" घशात जोर आणून ओरडायचो. दोन-तीन दिवसांनी दुकानवाल्यानं मला शेडमागं बोलावलं. "सकाळी त्यांचं ओरडतोस, दुपारी आमचं ओरड. तुला काय फरक पडतो? तुझं कोण मनावर घेतंय?" हे मला पटलं. मी दुपारी जरा लांबच्या पाड्यांवर जायचो. "माता-भगिनींनो, बाटली उभी तर गाव उभं! दुकान गेलं तर हातभट्टी येईल!" मोबदला संध्याकाळी मिळायचा. उभा, बूच लावलेला.

एका दुपारी बायको रानातून लाकडाचा भारा घेऊन येत होती. पुढं वळणावर मी, उभ्या बाटलीचा जयजयकार करत. तिनं भारा रस्त्यात आडवा टाकला. टेंपो थांबला. खिडकीतून हात घालून माझ्या हातातला माईक घेतला. माईक चालू होता. साऱ्या पाड्यानं ऐकलं: "ह्या माणसाचं सकाळचं तेवढं ऐका. दुपारी तो बोलत नाय, त्याच्या पोटातली बाटली बोलते."

मी खाली उतरायला लागलो. ती बोलली, "उतरू नका. गाडी चालवायला माणूस लागतं."

त्या दिवसापासून ती बाजूला बसून बोलायची आन मी गाडी चालवायचो. तिचा आवाज घोगरा. मधेच थांबायची, शब्द शोधायची. फाट्यावरच्या शेडबद्दल सांगायची, पोरी रस्त्यावर का उभ्या राहतात ते सांगायची, थोरलीचं कॉलेज कसं सुटलं ते पण सांगायची, माझं नाव न घेता. लोक दारात येऊन उभे राहायचे. कोणी हसायचं नाय. मला वाटलं, गेलं काम बायकांचं, हिला हसवताच येत नाय.

मतदानाच्या आधी तहसीलचा एक तरुण साहेब गावात आला, समजावून सांगायला. समाजमंदिरात बायका सतरंजीवर, पुरुष दारात. साहेब बोलला, "गावच्या मतदार यादीत जेवढ्या महिला आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत."

बायको उठली. "म्हंजे ज्या येतील त्यांच्या निम्म्या ना, साहेब?"

"नाही ताई. यादीतल्या सगळ्यांच्या."

बायकांना लगेच कळलं नाय. दारातल्या पुरुषांना कळलं. मी दारातच होतो, मी त्यांची तोंडं बघितली. एकेक जण मिशीतल्या मिशीत हसत होता.

ह्याचं कारण सांगतो, कारण त्यात माझा टेंपो हाय. आमच्याकडं पोरगी लग्न होऊन जाते तेव्हा तिचे कपडे जातात, भांडी जातात, कपाट जातं. नाव तेवढं यादीत माहेरीच राहतं. विसरून नाय राहत, आमी ठेवतो. ग्रामपंचायतीची निवडणूक चार-दोन मतांवर लागते. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या पार्टीचा टेंपो पोरींच्या सासरी जातो आन त्यांना घेऊन येतो. आल्यावर साडी, कोंबडीचं जेवण, आईशी गप्पा, संध्याकाळी परत. पोरी खूश, जावई खूश, कारण त्याला पण डबा जातो. ह्या कामातला आमच्या गावातला मोठा माणूस मी. चौक, नेरळ, बदलापूरपर्यंत कोणाची पोरगी कुठं दिली ते मला पाठ. घरं मला माहीत, दारातली कुत्री मला ओळखतात.

आता गंमत बघा. आमच्या गावातल्या सुना, ज्या रोज त्या फाट्यावर उभ्या राहतात, त्यांची नावं त्यांच्या माहेरच्या यादीत. तिकडल्या बापसांनी पण तीच हुशारी केलेली. म्हंजे जी बाई दारुड्याच्या शेजारी उभी राहून एसटीची वाट बघते तिला मत नाय, आन जी बदलापूरला गॅलरीत कपडे वाळत घालते तिला हाय. मेलेल्या बायका पण यादीत होत्या. त्यांची नावं काढायला कागद घेऊन हेलपाटे मारावे लागतात, आन मेलेली बाई काय तक्रार करायला येत नाय.

रात्री जेवताना बायको बोलली, "पंचायतीला आणता ना तुमी साऱ्या पोरी? आता पण आणा. टेंपो तोच, घरं तीच."

"आणतो की. त्यात काय." हे मी मनापासून बोललो. ह्या कामात मी कधी हरलो नव्हतो.

आयांनी पोरींना फोन लावले. साऱ्या जणी बोलल्या, येते गं आये. मतदानाच्या सकाळी घराघरात वालाचं बिरडं शिजत होतं. मी उजाडताच निघालो. भोंगा टपावरच राहिला होता, काढायला वेळ मिळाला नाय.

पहिल्या घरी जावई दारात उभा. "काका, पंचायतीला न्यायचं तर आमी कधी नाय बोललो का? पण हे कसलं मत? आज दुकानावर शिक्का मारतील, उद्या आमच्या डोक्यावर." पुढच्या घराला कुलूप. त्याच्या पुढच्या घरी पोरगी नवी साडी नेसून ओट्यावर भांडी घासत होती. वर न बघता बोलली, "ह्यांना बरं नाय, काका." ह्यांना काय झालंय ते मला ओट्याखालून वासानंच कळलं. मी वळलो तशी हळूच बोलली, "आईला सांगा, मी नेसून तयार होते."

असंच पुढं. कुठं सासूचं दुखणं, कुठं अचानक पाव्हणे. एका ठिकाणी नवऱ्यानं बायकोच्या चपलाच लपवल्या होत्या, लहान पोरांसारख्या. मागून कळलं, आदल्या दिवशी जावयांना फोन गेले होते. दुकानवाल्याचे नाय. आमच्याच गावातल्या बापसांचे आन भावांचे. पोरीला पाठवू नका म्हणून. मी तसा फोन केला नव्हता. चांगला माणूस हाय म्हणून नाय, मला नंबर लावता येत नाय म्हणून.

तवर टेंपोत मागं दोघीच बसल्या होत्या. थोरलीचं घर शेवटी ठेवलं होतं, हक्काचं म्हणून. जावई अंगणात बाजेवर बसला होता, पुढं बाटली. "या मामा, बसा. तुमच्या फाट्यावरचीच हाय, इकडं अशी मिळत नाय." माझ्या हातात ग्लास आला. मी घेतला. हात ओळखीचा होता ग्लासाच्या.

पोरीची सासू ओट्यावरून बोलली, "लग्नाला एवढी वर्सं झाली, सुनेचं नाव इकडच्या यादीत द्या बोलून बोलून थकलो. तुमी सोडत नाय. नाव ठेवायचं तर पोरगी पण ठेवायची होती." मी हसून घेतलं.

पोरगी बाहेर आली. हिरवी साडी, पिशवी खांद्याला. जावई बोलला, "कुठं?"

"माहेरी. मत टाकायला."

"दारू बंद करायला जातेस? आन तुझा बापूस इथं काय पितोय ते बघ. विचार त्याला, बंद करायची का."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासू, जावई, पोरगी, दारातलं कुत्रं. ग्लास माझ्या हातात. मला एकच काम येतं, ते मी केलं. बोललो, "जावईबापू, एका मतानं काय बाटली आडवी होते व्हय? तिच्या मतानं माझ्या टेंपोचा हॉर्न पण वाजायचा नाय. जाऊ द्या तिला. आईच्या हातचं बिरडं खाईल आन येईल परत."

जावई खदखदून हसला. "हे खरं बोललात मामा. जा गं, जा. बिरडं आण मला पण."

मी खूश. एवढ्या घरांतून जे जमलं नाय ते एका विनोदात जमलं. टेंपो रस्त्याला लागला तेव्हा मी पोरीला बोललो, "बघितलंस? कसं सोडवलं?"

ती समोर बघत होती. "माझ्या मताला किंमत नाय म्हणून सोडलं त्यांनी. तू तसं बोललास म्हणून."

"अगं, पण सोडलं ना?"

"बाबा, फाट्यावर त्यानं माझी ओढणी धरली ना, तवा मला भीती नाय वाटली. रस्त्यावर माणसं होती. घरी येऊन तू हसलास, तवा वाटली."

मी हॉर्न वाजवला. पुढं कोणी नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी आया उभ्या होत्या. पंचायतीला माझा टेंपो आला की पोरी उड्या मारून उतरतात, गलका होतो. त्या दिवशी तिघी उतरल्या. एक माझी, दोघी दुसऱ्यांच्या, त्यातली एक विधवा, तिला अडवायला कोणी नव्हतं. आयांनी टेंपोत वाकून बघितलं, मागं अजून कोणी हाय का. मंग एकेक करून परत रांगेत गेल्या.

रांग मात्र मोठी होती. वाडीवरच्या साऱ्या बायका उतरून आल्या होत्या, आजी सगळ्यात पुढं. ज्या सुनांना मत नव्हतं त्या पण फाटकाबाहेर उभ्या होत्या, पाणी द्यायला, म्हाताऱ्यांना हात द्यायला. माझी धाकटी त्यांच्यात होती, पोरं सांभाळत. कोणाच्या मतावर तिचं कॉलेज होतं ते तिला माहीत होतं. रांगेतल्या प्रत्येकीचं तोंड ती बघत होती.

संध्याकाळी वर्गात मोजणी झाली. खिडकीतून आमी सगळे बघत होतो. आडव्या बाटलीच्या चिठ्ठ्यांचा ढीग झाला. उभीच्या चिठ्ठ्या मुठीत मावतील एवढ्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी कुंकवाची डबी काढली. माझी बायको भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती.

साहेब बोलला, "थांबा. मतं पुरेशी नाहीत. निम्म्याला थोडी कमी पडली."

आजी पुढं आली. "हा ढीग आमचा, ही चिमूट त्यांची. मंग हरलं कोण?"

"आजी, ज्या आल्या नाहीत, त्या..."

"त्या कोणाच्या?"

साहेबानं हातातली यादी चाळली. मंग बोलला, "नियमाने दुकान चालू राहणार."

मागून आमची शेजारीण ओरडली, "माझी सासू मेली, तिचं नाव हाय यादीत. ती पण?"

"नाव असेल तर... हो."

"तिच्या नवऱ्यानं दारूपायी तिच्या अंगावरचे मणी विकले. मरेपर्यंत तिनं दारूला शिव्या दिल्या. आन आज ती उभ्या बाटलीत मोजली?"

साहेब कागद गोळा करत राहिला. वाईट माणूस नव्हता. त्यानं यादी केली नव्हती. यादी आमी केली होती, दर निवडणुकीला, टेंपो भरभरून.

तेवढ्यात फाट्यावर फटाके वाजले. खोकी माझ्याच टेंपोतून आली होती, आदल्या दिवशी. वर काय लिहिलंय ते मला वाचता आलं नव्हतं, आन मी विचारलं पण नव्हतं.

थोरलीला परत सोडायला गेलो. तिनं आईकडून बिरड्याचा डबा घेतला नाय. सासरच्या वळणावर उतरताना बोलली, "पुढल्या पंचायतीला मला न्यायला येऊ नको. माझं नाव काढून टाक तिथून. तिथं राहिलं तर तुमच्याच कामाला येतं."

"अगं, पण मंग माहेरी येशील कशी?"

"एसटीनं. बसायला जागा मिळाली तर."

घरी आलो तर बायको भांडी घासत होती. अंगणवाडीतून परत आणलेल्या त्या दोन बाटल्या कोपऱ्यात होत्या, एक उभी, एक आडवी. कोणी हात लावला नव्हता. मी जरा घसा साफ केला. "मंग आता धाकटीचं..."

"अकरावीचा फॉर्म भरायचाय. निकाल लागला का भरणार."

"पण दुकान तर..."

"दुकान तुमचं राहिलं. पोरगी माझी."

कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी मी फाट्यावर गेलो तेव्हा शेडमध्ये बाकड्यांवर बायका बसल्या होत्या. बायको, शेजारीण, दोन-तीन सुना, टोपली घेऊन आजी. कोणी तांदूळ निवडत होतं, कोणी पोराला भरवत होतं. घोषणा नाय, बोर्ड नाय. दुकान उघडायच्या आधीच येऊन बसल्या होत्या, आन आता रोज पाळीनं बसायचं ठरवलं होतं. मधे धाकटी, नवी पिशवी मांडीवर. शेडवाले रस्त्याच्या कडेला उभे होते, ग्लास हातात, डंपरची धूळ खात. दुकानाचा धंदा काय कमी झाला नाय. उलट आता गिऱ्हाईक बाटली घरी नेतं. फाट्यावर जे व्हायचं ते बऱ्याच घरांत व्हायला लागलं. पुढल्याच आठवड्यात शेजारणीचा डोळा काळानिळा झाला. तरी ती शेडमध्ये येऊन तांदूळ निवडत बसली.

त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण पण काहीतरी करावं. टेंपो शेडच्या पुढ्यात आणून लावला, माईक चालू केला. "कर्जत, कर्जत! कॉलेजच्या ताईसाठी पेशल गाडी! भाडं माफ, बापूस मोफत!"

कोणी हसलं नाय. सुनांनी पण नाय. धाकटी खाली बघून पिशवीची चेन उघडत-लावत राहिली.

मी माईक बंद केला. "बस गं. मी सोडतो तुला. रोज सोडीन."

आजी करटोली निवडत होती. तिनं वर पण बघितलं नाय.

"टेंपो पुढं काढ रं. एसटी यायची येळ झाली, आन वाटेत तूच उभा हायस."